घरात वाढविलेल्या ऑर्किडांचा बहर : पोषण आणि संकेत

१. प्रश्नाचे स्वरूप

घरात ठेवलेल्या ऑर्किडाविषयी एक अनुभव बहुतेक ठिकाणी ऐकावयास मिळतो. फुलांच्या दुकानातून फॅलिनॉप्सिस प्रजातीची एखादी कुंडी ऐन बहरात घरी येते. तिची फुले दोन-दोन, तीन-तीन महिने टिकतात. ती गळून गेल्यावर झाड मरत नाही. नवी पाने येतात, मुळे कुंडीबाहेर पसरतात, पानांचा रंगही सतेज राहतो. परंतु वर्षामागून वर्ष लोटले तरी फुलदांडा म्हणून येत नाही. मग झाडाला काहीतरी कमी पडत असावे, असा तर्क केला जातो. खत वाढविले जाते, पाणी वाढविले जाते, कुंडी बदलली जाते. झाड अधिकच टवटवीत होते आणि फूल मात्र येत नाही. शेवटी झाडावर वांझपणाचा ठपका येतो व ते टाकून दिले जाते.

ह्या तर्कात एक गृहीतक दडलेले आहे. झाडाची वाढ व झाडाचा बहर ह्या एकाच क्रियेच्या पायऱ्या असून जी परिस्थिती वाढीला अनुकूल तीच बहरालाही अनुकूल, असे ते गृहीतक होय. गहू-हरभऱ्यापासून आंब्यापर्यंतच्या अनुभवाने ते स्वाभाविक वाटते; परंतु ऑर्किडांच्या बाबतीत ते टिकत नाही. ज्या परिस्थितीत झाड उत्तम वाढते नेमक्या त्याच परिस्थितीत ते फुलावयाचे नाकारते, असेही आढळते. म्हणून ‘अनुकूल परिस्थिती’ ह्या एका शब्दप्रयोगाखाली ज्या दोन भिन्न गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्यांची फोड करणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे. त्यांपैकी पहिली गोष्ट म्हणजे पोषण आणि दुसरी म्हणजे संकेत. प्रकाश, पाणी, हवा व क्षार ही झाडाची सामग्री आहे. संकेत ही सामग्री नव्हे. ऋतू पालटला आहे, ही त्या झाडाला मिळालेली वार्ता होय. सामग्रीवाचून झाड जगत नाही. वार्तेवाचून ते फुलत नाही.

२. नावाने केलेला घोटाळा

ऑर्किडांविषयीच्या गैरसमजांचा उगम काही अंशी त्यांच्या नावांतच सापडतो. मराठी वनस्पतिशास्त्रीय परिभाषेत ह्या वर्गाला आमर-कुल म्हणतात. व्यवहारात मात्र ऑर्किड हाच शब्द रूढ झाला आहे. ह्या कुलातील ‘व्हँडा’ ह्या प्रजातीचे नाव संस्कृत ‘वन्दा’ ह्या शब्दावरून आलेले आहे. सर विल्यम जोन्स यांच्या भारतीय वनस्पतींवरील टिपणांत, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर १७९५ साली प्रसिद्ध झालेल्या लेखनात, हे नाव प्रथम आले आणि १८२० साली रॉबर्ट ब्राऊन यांच्या हातून ते शास्त्रीय नामावलीत स्थिर झाले. संस्कृतात मात्र ‘वन्दा’ हा शब्द मुख्यतः दुसऱ्या झाडावर उगवून त्याचा रस शोषणाऱ्या वनस्पतीला, म्हणजे मराठीतील बांडगुळाला, लावला जातो. झाडावर उगवते ते सर्व एकाच सदरात घालण्याची ही लोकरूढी होती. युरोपातही वृक्षवासी ऑर्किडांना प्रारंभी परोपजीवीच समजत.

वस्तुतः वृक्षवासी ऑर्किड झाडाचा केवळ आधार घेते. त्याची मुळे सालीला चिकटतात, सालीत शिरत नाहीत. मुळांभोवती मृत पेशींचे करड्या रंगाचे एक सच्छिद्र आवरण असते. पावसाचे व दवाचे पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार हे आवरण क्षणात टिपून घेते आणि मग पुढच्या पावसापर्यंत झाड साठ्यावर गुजराण करते. फॅलिनॉप्सिससारख्या जाड पानांच्या ऑर्किडांत त्वग्रंध्रे दिवसा मिटलेली असतात व रात्री उघडतात. रात्री आत घेतलेला कार्बन डाय-ऑक्साइड मॅलिक अम्लाच्या रूपाने साठविला जातो आणि दिवसा उजेडात त्याची साखर होते. ही सारी रचना तुटपुंज्या व अनियमित सामग्रीवर निभावण्याची आहे. अशा वनस्पतीला फुलण्यासाठी आणखी अन्नाची गरज असते, ही कल्पना त्यामुळे मुळातच संशयास्पद ठरते. सामग्री जिथे सदैव तुटपुंजी, तिथे तीवर बहराची वेळ ठरविता येत नाही. वेळ ठरवावयाची तर ती दुसऱ्या एखाद्या खुणेवरूनच ठरविली पाहिजे.

३. काचगृहांचा धडा

पोषण व संकेत यांच्या गल्लतीची मोठी किंमत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडने दिली. उष्ण कटिबंधातून येणारी ऑर्किडे एकाच साच्याच्या काचगृहांत ठेवली जात. काचगृह भट्ट्यांनी तापवावयाचे, हवा कोंडून ठेवावयाची, सावली दाट करावयाची व ओलावा कमाल राखावयाचा, ही तेव्हाची रीत होती. ऑर्किडांचे वर्गीकरण करणारे विख्यात वनस्पतिज्ञ जॉन लिंडली यांनीही १८३० च्या सुमारास उष्णता व ओलावा यांवरच भर दिला होता. ‘उष्ण कटिबंध’ ह्या शब्दाने सर्व देश सारखाच उष्ण व सारखाच दमट असल्याचे चित्र मनात उभे केले होते. त्या कटिबंधातही पर्वत आहेत, तिथे रात्री थंड असतात आणि कित्येक महिने कोरडे जातात, ह्याचा विसर पडला. झाडे हजारोंच्या संख्येने आली आणि हजारोंच्या संख्येने मेली.

ह्या रीतीत बदल घडविणाऱ्यांत चॅट्सवर्थ येथील जोसेफ पॅक्स्टन यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे धनी, डेव्हनशरचे सहावे ड्यूक, यांनी १८३५ साली जॉन गिब्सन या तरुण माळ्याला भारतात पाठविले. गिब्सन खासी टेकड्यांत हिंडला व १८३७ साली ऑर्किडांचा मोठा संग्रह घेऊन परतला. डेन्ड्रोबियम डेव्हनियानम व डेन्ड्रोबियम गिब्सनी ही नावे त्या सफरीची आठवण देतात. पॅक्स्टन यांनी काचगृहात वारा खेळता ठेवला, निरनिराळ्या मूलस्थानांच्या झाडांसाठी निरनिराळे हवामान राखले आणि वाढीच्या काळानंतर विश्रांतीचा काळ येऊ दिला. झाडे जगू लागली व फुलूही लागली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, पॅक्स्टन यांनी झाडांना अधिक काही दिले नाही. जे सतत दिले जात होते त्यात त्यांनी खंड पाडला. ऋतूंचा जो क्रम काचेच्या भिंतींनी पुसून टाकला होता, तो त्यांनी पुन्हा आत आणला.

४. फॅलिनॉप्सिस : दिवसाच्या तापमानाचा संकेत

आज घराघरांत सर्वाधिक आढळणारे ऑर्किड म्हणजे फॅलिनॉप्सिस होय. बहराची कारणमीमांसाही ह्याच प्रजातीच्या बाबतीत सर्वांत अधिक स्पष्ट झाली आहे. तिचे खोड आखूड असते व त्यावर समोरासमोर दोन रांगांत पाने लागतात. प्रत्येक पानाच्या बगलेत सुप्त कळ्या असतात. फुलदांडा बहुधा वरून तिसऱ्या किंवा चौथ्या पानाच्या बगलेतून निघतो. अर्थात फुलदांड्याचे बीज झाडात आधीच तयार असते. प्रश्न ते जागे होण्याचा असतो.

ते कशाने जागे होते? दीर्घ काळ तापमान सुमारे २८ अंश सेल्सियसच्या वर राहिले तर झाड पानेच काढीत राहते. त्याखाली काही आठवडे राहिले तर कळी हलते. ह्या वस्तुस्थितीवरच आज ह्या फुलांचा सगळा व्यापार उभा आहे. नेदरलँड्स, तैवान व इतर देशांतील उत्पादक रोपे पक्व होईपर्यंत सुमारे २८ अंशांत ठेवून मुद्दाम फुलण्यापासून रोखतात आणि मग हव्या त्या दिवसाचा हिशेब करून त्यांना १९ ते २१ अंशांच्या आसपास आणतात. फुलदांडा दिसू लागल्यापासून पहिले फूल उमलेपर्यंत साधारणतः तीन-चार महिने लागतात. दुकानातील फुले हे म्हणून कित्येक महिन्यांपूर्वी, दुसऱ्या ठिकाणी मिळालेल्या संकेताचे उत्तर असते. विकत घेणाऱ्याच्या घराशी त्या उत्तराचा काही संबंध नसतो.

‘रात्री गारवा मिळाला की फॅलिनॉप्सिस फुलते’, किंवा ‘दिवस व रात्र यांच्या तापमानात मोठे अंतर हवे’, असे सर्रास सांगितले जाते. मिशिगन राज्य विद्यापीठातील मॅथ्यू ब्लँचर्ड व एरिक रंकल यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी ह्या समजाची परीक्षा केली. दोन संकरित वाणांची झाडे निरनिराळ्या स्थिर तापमानांत, तसेच दिवसा एक व रात्री दुसरे अशा जोडतापमानांत, वीस आठवडे ठेवण्यात आली. अहोरात्र २० किंवा २३ अंश स्थिर तापमानात ठेवलेल्या झाडांपैकी किमान ८० टक्के झाडांना फुलदांडे आले. तिथे दिवस व रात्र यांत काहीच अंतर नव्हते. उलट दिवसा २९ अंश व रात्री १७ अंश अशा स्थितीत, म्हणजे बारा अंशांचे अंतर व चांगलाच गारवा असूनही, एकाही झाडाला फुलदांडा आला नाही. निष्कर्ष स्पष्ट आहे : ही झाडे रात्रीचा थंडावा वाचीत नाहीत, दिवस पुरेसा सौम्य झाला आहे की नाही, हे वाचतात. अंतराचा नियम लोकप्रिय का झाला हेही ह्यावरून उलगडते. जिथे रात्री गार होतात तिथे बहुधा दिवसही सौम्य होतात. दोन गोष्टी नेहमी एकत्र येत असल्याने त्यांपैकी चुकीच्या गोष्टीला कारणत्व मिळाले.

संकेत क्षणिक असून चालत नाही, हीही बाब महत्त्वाची आहे. फुलदांडा कोवळा असताना तापमान पुन्हा बरेच चढले तर तो खुंटतो. क्वचित त्याच्यावर फुलांऐवजी छोटे रोप फुटते. सुरू झालेले वाक्य अर्ध्यावर सोडून झाड पुन्हा वाढीच्या विषयाकडे वळते, असे म्हणता येईल.

५. एकच तापमान, भिन्न अर्थ

संकेताचे एक लक्षण भाषेच्या अभ्यासकांना परिचित आहे. संकेताचा अर्थ त्याच्या द्रव्यात नसतो. तो वाचणाऱ्याच्या व्यवस्थेत असतो. तोच ध्वनी एका भाषेत एक अर्थ सांगतो, दुसऱ्या भाषेत दुसरा, तिसऱ्या भाषेत काहीच नाही. ऑर्किडांच्या बाबतीतही नेमके हेच दिसते. पोषणद्रव्य सर्वांना कमी-अधिक प्रमाणात सारखे उपयोगी पडते, परंतु बहराचा संकेत प्रत्येक जातीचा आपापला असतो.

ह्या विषयाचा पहिला मोठा पद्धतशीर अभ्यास गाविनो रोटर यांनी कॉर्नेल विद्यापीठात केला व तो १९५२ साली प्रसिद्ध झाला. दिवसाची लांबी व तापमान ह्या दोन गोष्टी स्वतंत्रपणे बदलून त्यांनी अनेक ऑर्किडांची वर्तणूक नोंदविली. हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंत आढळणारे डेन्ड्रोबियम नोबिले सुमारे १३ अंशांत ठेवले असता फुलले. १८ अंशांत ठेवले असता, दिवस लांब असो वा आखूड, फुलले नाही. फॅलिनॉप्सिसला जे १८ अंश ‘फूल’ असे सांगतात तेच डेन्ड्रोबियम नोबिलेला काहीच सांगत नाहीत. पुरेशी थंडी न मिळाल्यास त्याच्या कांडीवरील डोळ्यांतून फुलांच्या जागी मुळांसह लहान रोपे निघतात. हवाई बेटांतील माळी त्यांना ‘केइकी’ म्हणतात. त्या भाषेत ह्या शब्दाचा अर्थ मूल. तोच डोळा संकेत मिळाल्यास फूल होतो व न मिळाल्यास मूल होतो.

कॅटलिया लॅबिएटा ह्या ब्राझिली जातीच्या बाबतीत दिवसाच्या लांबीला महत्त्व आहे. दिवस आखूड झाल्यावर ती फुलावयास घेते. कृत्रिम दिव्यांनी दिवस सोळा तासांचा केल्यास ती थांबून राहते. अमेरिकेतील व्यापारी उत्पादकांनी ह्याच उपायाने फुले सणासुदीपर्यंत लांबविली. दिवसाच्या लांबीला वनस्पती जो प्रतिसाद देतात त्याला दीप्तिकालिता म्हणतात. गार्नर व ॲलर्ड यांनी १९२० साली तंबाखू व सोयाबीन यांवरील प्रयोगांतून ती सिद्ध केली होती. घरातील कॅटलियाच्या दृष्टीने ह्यातून एक अनपेक्षित गोष्ट निष्पन्न होते. मुंबईच्या अक्षांशावर वर्षातील सर्वांत आखूड दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. परंतु दिवाणखान्यातील दिवा रात्री अकरा-बारापर्यंत जळत असेल तर त्या खोलीत आखूड दिवस कधी उगवतच नाही.

सर्वांत विलक्षण उदाहरण डेन्ड्रोबियम क्रुमेनॅटम ह्या आग्नेय आशियातील जातीचे आहे. तिच्या कळ्या तयार होतात, एका ठराविक अवस्थेपर्यंत वाढतात आणि तिथेच थांबतात. मग एखाद्या दुपारी वादळी पाऊस पडून हवा एकाएकी काही अंशांनी थंड होते. त्या क्षणापासून सुमारे नऊ दिवसांनी त्या परिसरातील झाडून सारी झाडे एकाच सकाळी फुलतात आणि दुसऱ्या दिवशी कोमेजतात. जावा बेटातील बागेतील निरीक्षणांवर आधारलेले रुटगर्स व वेंट यांचे ह्या विषयावरील विवेचन १९१५ इतके जुने आहे. फूल एक दिवस टिकत असता परागण व्हावयाचे तर सर्वांनी एकाच दिवशी फुलले पाहिजे आणि त्यासाठी सर्वांना एकदम कळेल अशी खूण पाहिजे. येथे पावसाचे पाणी हे पोषण नव्हे, हे उघड आहे. कुंडीत कितीही पाणी ओतले तरी त्या दुपारच्या थंड झुळुकीची जागा ते घेऊ शकत नाही.

६. संकेताला लागणारा संदर्भ

संकेत व पोषण यांचा भेद केल्यावर पोषणाचे महत्त्व कमी होते असे मात्र नाही. शब्दाला संदर्भ लागतो तसा संकेताला झाडाची सिद्धता लागते.

पहिली सिद्धता वयाची. बियांपासून वाढविलेले फॅलिनॉप्सिस फुलण्याजोगे होण्यास दोन-तीन वर्षे लागतात. कॅटलियाला पाच ते सात. त्यापूर्वी कोणताही संकेत त्यांना ऐकू येत नाही.

दुसरी सिद्धता प्रकाशाची. फॅलिनॉप्सिसची झाडे थंड परंतु अंधाऱ्या जागी ठेवली तर केवळ थंडीने फुलदांडा येत नाही, असे प्रयोगांत दिसून आले आहे. फुलदांडा वाढविण्यास जी शर्करा लागते ती प्रकाशाशिवाय तयार होत नाही. प्रकाशाच्या बाबतीत घरमालकाची फसगत त्याचे डोळेच करतात. उघड्यावरील दुपारचे ऊन सुमारे एक लाख लक्स भरते. फॅलिनॉप्सिसला दहा ते पंधरा हजार, कॅटलियाला वीस ते तीस हजार आणि व्हँडाला त्याहून अधिक प्रकाश लागतो, असा बागकामातील सर्वमान्य अंदाज आहे. खिडकीपासून दोन-तीन मीटर आत, जिथे माणसाला पुस्तक सुखाने वाचता येते, तिथे बहुधा काही शेच लक्स प्रकाश असतो. मानवी डोळा अंधाराशी जुळवून घेतो. पान तसे घेऊ शकत नाही. गर्द हिरव्या पानांचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, अतिगर्द हिरवा रंग हे बहुधा अपुऱ्या प्रकाशाचे चिन्ह असते.

तिसरी गोष्ट खताची. ‘बहराचे खत’ ह्या नावाखाली स्फुरदाचे प्रमाण वाढविलेली मिश्रणे विकली जातात. झाडाला स्फुरद लागते हे खरे. परंतु ते लागते त्याहून अधिक दिल्याने संकेताची उणीव भरून निघत नाही. उलट डेन्ड्रोबियम नोबिलेसारख्या जातींना वाढीचा हंगाम संपल्यावरही नत्र देत राहिल्यास फुलांऐवजी केइकी वाढतात, असा उत्पादकांचा अनुभव आहे. पाण्याचेही तसेच. सह्याद्रीतील डेन्ड्रोबियम बार्बाट्युलम पावसाळ्यात पाने काढते, पाऊस सरल्यावर पाने टाकते आणि हिवाळ्याच्या अखेरीस व उन्हाळ्याच्या तोंडाशी उघड्या कांड्यांवर पांढरी फुले धरते. पाने गळताना पाहून दयाबुद्धीने पाणी वाढविणारा माणूस त्या झाडाची विश्रांती हिरावून घेत असतो.

संकेत पोचल्यावर तो झाडाच्या आत कसा वाहिला जातो, ह्याचेही चित्र आता बरेच स्पष्ट झाले आहे. पानात निर्माण होऊन कळीपर्यंत जाणारे एखादे बहरद्रव्य असावे, अशी कल्पना रशियन शास्त्रज्ञ चैलाख्यान यांनी १९३० नंतरच्या दशकात मांडली व त्याला ‘फ्लोरिजेन’ हे नाव दिले. दीर्घ काळ ते द्रव्य हाती लागले नाही. २००७ साली अन्य वनस्पतींवरील संशोधनातून ते एक लहानसे प्रथिन असल्याचे सिद्ध झाले. २०१५ साली फॅलिनॉप्सिस इक्वेस्ट्रिस ह्या जातीचा संपूर्ण जीनसंच प्रसिद्ध झाल्यापासून ऑर्किडांतील तत्सम जीनांचा शोध अधिक सुकर झाला आहे.

७. कळ्यांचे गळणे

संकेत मिळाला, दांडा आला, कळ्या धरल्या आणि त्या उमलण्यापूर्वीच पिवळ्या पडून गळाल्या, अशीही तक्रार असते. हा प्रश्न वेगळा आहे व त्याचे उत्तर पुन्हा पोषणाकडे व हवेकडे वळते. मुळे फार काळ कोरडी राहणे, जागा बदलल्याने प्रकाश एकाएकी कमी होणे, यंत्रातून येणारा कोरडा वारा थेट कळ्यांवर लागणे ही नेहमीची कारणे होत. ह्यांखेरीज एक कारण सहसा ध्यानात येत नाही. पिकणाऱ्या फळांतून एथिलीन हा वायू बाहेर पडतो आणि ऑर्किडाच्या कळ्या त्याला अतिशय हळव्या असतात. घरात आंब्याची अढी घातली असेल किंवा जवळ केळ्यांचा घड पिकत असेल, तर कळ्या गळण्यास तेवढे निमित्त पुरते. हा वायू झाडाच्या दृष्टीनेही एक वार्ताच आहे. परागण झाल्यावर फूल स्वतः एथिलीन निर्माण करते व कोमेजते. काम संपले, असा त्याचा अर्थ. फळांच्या टोपलीतून तीच वार्ता अवेळी पोचते आणि झाड तिच्यावर विश्वास ठेवते.

८. महाराष्ट्रातील घरे

ह्या विवेचनाच्या प्रकाशात महाराष्ट्रातील शहरांकडे पाहिले असता प्रारंभी वर्णिलेल्या अनुभवाचा बराचसा उलगडा होतो. मुंबईत जानेवारीतही दिवसाचे कमाल तापमान सरासरी ३१ अंशांच्या आसपास असते आणि ऐन पावसाळ्यातही ते ३० च्या आसपासच राहते. हिवाळ्यातील रात्री १६-१७ अंशांपर्यंत उतरतात. परंतु वर पाहिल्याप्रमाणे फॅलिनॉप्सिससाठी निर्णायक असतो तो दिवस. त्यामुळे मुंबईतील खिडकीत हे झाड वर्षानुवर्षे सुखाने वाढते व फुलत नाही, ह्यात त्याचा किंवा त्याची निगा राखणाऱ्याचा दोष नाही. शयनगृहात रात्री वातानुकूलन चालते व दिवसा ते बंद असते. हा क्रम माणसाच्या सोयीचा असला तरी ह्या झाडाच्या दृष्टीने उलटा आहे. दिवसा थंड राखलेल्या व मोठी उजेडाची खिडकी असलेल्या खोलीत सहा-आठ आठवडे काढल्यास तेच झाड फुलण्याची शक्यता कितीतरी अधिक असते.

पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये दिवसाचे कमाल तापमान सरासरी २८ अंशांच्या आसपास उतरते. थंडीच्या दिवसांत बाहेर कमाल तापमान थोडे चढे असले तरी जाड भिंतींच्या घरात दिवस सौम्य जातो. येथे कुंडी उजेडाच्या, परंतु थेट उन्हाच्या नव्हे अशा खिडकीत असल्यास फुलदांडा येण्यास वाव आहे. महाबळेश्वरी पावसाळ्यातील व हिवाळ्यातील दोन्ही दिवस त्या मर्यादेच्या पुष्कळ खाली असतात. ह्याउलट सिंबिडियमसारखी हिमालयातील ऑर्किडे शरद ऋतूत याहूनही थंड रात्री मागतात. सिक्कीममध्ये व कालिंपोंगच्या परिसरात ती विपुल फुलतात. कोकणपट्टीत ती आणणे म्हणजे त्यांना अशा प्रांतात सोडणे की, जिथे त्यांची भाषा कोणी बोलत नाही.

ह्या संदर्भात सीतेच्या वेणीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. रिंकोस्टायलिस रेट्युसा हे तिचे शास्त्रीय नाव. आसामात ती ‘कोपौ फूल’ म्हणून बिहूच्या सणात केसांत माळली जाते; सह्याद्रीत ती पावसाच्या तोंडाशी आंबा-फणसासारख्या झाडांवरून गुलाबी-पांढऱ्या घोसांनी लोंबताना दिसते. फुलांच्या मोहाने ती झाडावरून ओरबाडून आणली जाते व सज्जात टांगली जाते. तिची बरीचशी मुळे सालीवरच राहतात. उरलेल्या मुळांवर ती कशीबशी जगते. सह्याद्रीतील कोरडा, उजळ हिवाळा, तापलेला उन्हाळा आणि वळवाची पहिली सर हा क्रम तिला सज्जात मिळत नाही. पुढच्या वर्षी ती फुलली नाही म्हणजे दुसरी आणली जाते. ऑर्किडांचे संपूर्ण कुल संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या १९७३ च्या कराराच्या कक्षेत आहे. परंतु एका फांदीवरून एका सज्जापर्यंतचा प्रवास कोणत्याही करारात नोंदला जात नाही. तो थांबावयाचा तर झाड आणता येते, त्याचा ऋतू आणता येत नाही, ही जाणीवच उपयोगी पडेल.

९. समारोप

वरील विवेचनाचे सार थोडक्यात असे सांगता येईल. ऑर्किडाचा बहर हे चांगल्या निगेचे बक्षीस नव्हे. निगेने झाड फुलण्यास समर्थ होते. फुलते ते संकेताने. तो संकेत फॅलिनॉप्सिसला सौम्य दिवसांचा, डेन्ड्रोबियम नोबिलेला थंडीचा, कॅटलिया लॅबिएटाला आखूड दिवसाचा आणि डेन्ड्रोबियम क्रुमेनॅटमला वादळी दुपारच्या थंडाव्याचा असतो. म्हणून ‘ऑर्किड कसे फुलवावे?’ ह्या सरसकट प्रश्नाला उत्तर नाही. ‘हे ऑर्किड कोणत्या प्रदेशातील, आणि तेथे ते फुलण्यापूर्वी हवेत काय बदलते?’ असा प्रश्न केल्यास उत्तर बहुधा मिळते.

घर ही मुळात ऋतू बाहेर ठेवण्याची योजना आहे. उन्हाळा, हिवाळा व पावसाळा यांतील भेद जितका पुसट करता येईल तितके घर सुखाचे समजले जाते. झाडाला मात्र त्या भेदांतूनच वेळ कळते. न फुलणारे निरोगी ऑर्किड हे म्हणून वांझ नसते व कृतघ्नही नसते. त्याला अद्याप कोणी ऋतू सांगितलेला नसतो. खताची मात्रा वाढविण्यापूर्वी, आणि ते टाकून देण्यापूर्वी, कुंडीशेजारी भर दुपारी एक तापमापक ठेवून पाहावा. उत्तराचा मोठा भाग त्याच्या पाऱ्यात सापडेल.